एका रॅकची वीज गेली आणि सगळाच क्लस्टर बसला, असं का?

तुमची मांडणी अशी: प्रॉक्समॉक्सचे (व्हीएम म्हणजे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ६ सर्व्हर, ३ रॅकमध्ये ३-२-१ असे लावलेले, सेफमध्ये (सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून बनलेला साठा) डेटाच्या ३ प्रती, एचए (एखादा नोड म्हणजे सर्व्हर पडला तर त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय) चालू. मोठ्या रॅकची वीज गेली आणि धडधाकट असलेले तीन सर्व्हरही आपणहून रीबूट झाले. यात बिघाड काहीच नाही. सांगितलं होतं तेच सॉफ्टवेअरने केलं.

प्रत्येक सर्व्हरचं एक मत; ६ मतांचा क्वोरम (काम चालू ठेवायला लागणारं बहुमत) ४. रॅकबरोबर ३ मतं गेली, उरली ३. क्वोरम तुटला की एचए सांभाळणारा नोड ६० सेकंदांत वॉचडॉगकरवी (वेळेत खूण मिळाली नाही तर मशीन रीसेट करणारा टायमर) स्वतःला रीसेट करून घेतो. नाहीतर एकच व्हीएम दोन नोडवर उठून तिच्या डिस्कची वाट लागेल. तेव्हा आधी २-२-२ करा. कुठलाही रॅक गेला तरी ४ मतं उरतात. (दोनच रॅक असतील तर ३-३ करून भागत नाही, तिसऱ्या जागी एखाद्या छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा साक्षीदार) लागतो.) सेफचे ३ मॉनिटरही (क्लस्टरची स्थिती सांभाळणारे, त्यांनाही बहुमत लागतं) दर रॅकला एक असे ठेवा.

आता सेफ. इथेच बहुतेक जण फसतात. नेहमीच्या नियमात प्रती वेगवेगळ्या होस्टवर (म्हणजे सर्व्हरवर) पडतात, पण रॅक नावाची गोष्ट सेफला माहीतच नसते. ६ होस्टमधून ३ निवडायची २० त्रिकुटं होतात. त्यातल्या एकात तिन्ही प्रती तुमच्या मोठ्या रॅकमध्ये, ९ मध्ये दोन प्रती तिथेच. म्हणजे डिस्क सारख्या धरल्या तर निम्म्या पीजींकडे (पीजी म्हणजे डेटाचे गट, प्रती गटागटाने ठेवल्या जातात) किमान २ प्रती उरल्या नाहीत आणि त्यांचं वाचणं-लिहिणं थांबलं. त्यातून १०० जीबीची एक डिस्क म्हणजे ४ एमबीचे २५,६०० तुकडे, सगळ्या पीजींवर विखुरलेले. त्यामुळे निम्म्या नव्हे, जवळपास सगळ्याच व्हीएम लटकतात. क्वोरम टिकला असता तरी तुम्ही इथे अडकलाच असता.

उपाय असा: आधी नोरिबॅलन्स फ्लॅग (डेटाची हलवाहलव थांबवून ठेवणारा) लावा, म्हणजे डेटा दोनदा फिरणार नाही. क्रश नकाशात (कुठली प्रत कुठे ठेवायची ते ठरवणारा सेफचा नकाशा) ३ रॅक बकेट (गट) बनवा, डिफॉल्ट रूटखाली न्या, मग एकेक होस्ट आपापल्या रॅकखाली हलवा. फेल्युअर डोमेन रॅक असलेला (म्हणजे प्रत्येक प्रत वेगळ्या रॅकमध्ये) नवा रेप्लिकेटेड नियम बनवून सगळ्या पूलना (सेफमधले डेटाचे कप्पे) लावा. डॉट-एमजीआर हा सेफचा स्वतःचा पूल हमखास विसरला जातो. मग फ्लॅग काढा, शक्यतो रात्री. कुठलीही डिस्क ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर आधी जागा करा. तिन्ही रॅकची क्षमता सारखी हवी, कारण ३ प्रतींत सगळ्यात लहान रॅकएवढीच जागा वापरता येते.

रॅक गेल्यावर सेफ त्याच्या डिस्क आपोआप 'आऊट' करत नाही (म्हणजे त्या गेल्याच असं धरून प्रती दुसरीकडे बनवत नाही), ते बरोबरच आहे; तिसरी प्रत ठेवायला चौथा रॅक कुठे आहे? काम २ प्रतींवर चालतं. तेवढ्यात दुसऱ्या रॅकमधली डिस्क गेली तर तिच्यावरचे पीजी थांबतील. तेव्हा मिन-साइझ (किमान किती प्रती असतील तर काम चालू ठेवायचं ती संख्या) १ करायचा मोह होतो. करू नका.

रॅमचा हिशेब एक रॅक गेल्यावर उरणाऱ्या चार सर्व्हरवर करा. समजा प्रत्येकी २५६ जीबी आणि ८ ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारी सेफची प्रक्रिया). दर ओएसडीला ४ जीबी, होस्टला ८, म्हणजे व्हीएमना २१६ उरतात. चार सर्व्हरचे ८६४. सहाही सर्व्हर चालू असताना सगळ्या व्हीएम मिळून याच्या वर जायचं नाही.

अँटी-अफिनिटी (दोन व्हीएम एकत्र न ठेवण्याचा नियम) नोड पाहते, रॅक नाही. डेटाबेसचा प्रायमरी आणि रेप्लिका शेजारच्या दोन नोडवर, एकाच रॅकमध्ये बसू शकतात. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये नोड अफिनिटी नियमाने एकाला पहिल्या रॅकचे नोड द्या, दुसऱ्याला दुसऱ्याचे. ८ मध्ये हेच काम एचए ग्रुप करतात.

वीज मुळात का गेली, तेही बघा. ३२ अँपिअर, २३० व्होल्टचा पीडीयू (रॅकला वीज वाटणारी पट्टी) म्हणजे ७.३६ किलोवॉट, ८० टक्के धरले तर ५.९. रॅकचे ए आणि बी असे दोन्ही पीडीयू चालू असताना प्रत्येकावर २.९ च्या वर भार असेल, तर ए पडला की सगळा भार बी वर येतो आणि तोही पडू शकतो.

चाचणी नीट शटडाउन करून घेऊ नका, त्यात खरा प्रसंग येतच नाही. एका रॅकचे दोन्ही ब्रेकर पाडा आणि घड्याळ लावा. त्या रॅकमधल्या एचए व्हीएम साधारण दोन मिनिटांनी दुसरीकडे सुरू व्हायला लागल्या पाहिजेत. त्या सुरू होऊनही पोचता येत नसेल, तर गेटवे किंवा डीएनएस त्याच रॅकमध्ये राहिलाय.