साताऱ्यातल्या नव्या डी अँड डी ग्रुपने पहिलं तयार अ‍ॅडव्हेंचर कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे गोष्टीतली पात्रं बनून फाशांनी खेळायचा खेळ, सुरू करताय, एक डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) आणि चार खेळाडू आहात, सगळेच नवे आहात, आणि चारातले दोघे पुण्यात नोकरीला असल्यामुळे ते साताऱ्याला आले तरच रविवारी पूर्ण ग्रुप जमतो. कौतुक खूप वाचल्यामुळे ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे छापील कथानक घ्यावं असं मनात आहे. माझं स्पष्ट मत: आत्ता ते घेऊ नका. ‘ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक’ घ्या. २०१९ च्या इसेन्शियल्स किटमध्ये (नव्या खेळाडूंसाठीच्या पेटीत) ते मिळतं.

अ‍ॅडव्हेंचर निवडताना सगळे आधी गोष्ट कशी आहे ते बघतात. तुमच्यासारख्या ग्रुपने आधी हे बघावं की एखाद्या रविवारी दोघं आलेच नाहीत तर खेळ अडतो का. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ लेव्हल १ ते १० चं (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) आहे, म्हणजे दर आठवड्याला खेळलात तरी कित्येक महिने. त्यात पात्रं एका शापित प्रदेशात अडकलेली असतात आणि मागच्या सेशनमधला धागा पुढच्या सेशनला लागतो. मध्ये गणपती, दिवाळी, कुणाच्या गावची जत्रा आली की महिन्याभराने कुणाला काहीच आठवत नाही. शिवाय सुरुवातीला जोडलेल्या ‘डेथ हाउस’मध्ये लहान मुलांचे मृत्यू, नरबळी असे विषय आहेत. ते टेबलावर चालतील का, हे चौघांना आधी विचारावं लागतं. शेवटी तिथे १३६ हिट पॉइंटचा (एवढं डॅमेज, म्हणजे नुकसान, झालं की तो पडतो) शॅम्बलिंग माउंड हा सडक्या वेलींचा राक्षसही भेटू शकतो. नव्या खेळाडूंना पळायचं सुचत नाही आणि सगळा ग्रुप तिथेच संपतो.

आइसस्पायर पीकची रचना वेगळी आहे. फँडालिन नावाच्या गावात कामांचा फलक लागतो. सुरुवातीला त्यावर तीन कामं असतात, त्यातली दोन झाली की नवी येतात. एका कामाचा मजकूर काही पानांचाच असतो, त्यामुळे डीएमला शनिवारी रात्री दीड-दोन तास वाचून रविवारी खेळवता येतं. पात्रं गावातून निघतात, काम करतात, गावात परततात. पुढच्या रविवारी जो येईल त्याचं पात्र निघेल, बाकीची गावात थांबली असं समजायचं. लेव्हल मात्र सगळ्यांची एकत्रच वाढवा. गैरहजर राहिलेल्याला मागे ठेवलं की त्याचं पात्र लढाईत सारखं पडतं आणि तो यायचाच बंद होतो. दोघंच जमले तर किटच्या नियमपुस्तकात साइडकिकचे नियम आहेत. प्रत्येक खेळाडूला एकेक साथीदार द्या आणि खेळ चालू ठेवा.

यासाठी एक शिस्त हवी: सेशन संपायच्या अर्धा तास आधी पात्रं परतीच्या वाटेला लागलीच पाहिजेत. गुहेच्या मध्यावर थांबलात आणि पुढच्या वेळी वेगळीच माणसं आली तर या रचनेचा सगळा फायदा गेला.

आता यात बिघडतं कुठे ते सांगतो. पहिल्या तीन कामांतलं अंब्रेज हिल लेव्हल १ ला धोक्याचं आहे. तिथे मँटिकोर (काटेरी शेपटीचा उडणारा राक्षस) आहे: ६८ हिट पॉइंट, उडण्याचा वेग ५० फूट, आणि एका टर्नमध्ये शेपटीचे तीन काटे लांबून मारतो. एका काट्याचं डॅमेज सरासरी ७. लेव्हल १ च्या विझार्डकडे (जादूगाराकडे) साधारण ७-८ हिट पॉइंट असतात. पात्रांचा वेग ३० फूट, त्यामुळे पळूनही सुटका नाही. हे काम लेव्हल २ होईपर्यंत फलकावर लावूच नका. लावलंत तर मँटिकोरला आधी बोलू द्या. तो भुकेला आणि लोभी आहे, मांस किंवा पैसे दिले तर वाट सोडू शकतो, हे खेळाडूंना त्याच्या बोलण्यातूनच कळायला हवं.

पहिल्या रविवारी ड्वार्व्हन एक्स्कव्हेशन घ्या. तिथल्या ऑकर जेलीचा (सरपटणारा लिबलिबीत राक्षस) एक फटका सरासरी १२ डॅमेजचा, म्हणजे तीही जीवघेणी आहे. पण तिचा वेग फक्त १० फूट. चालत निघालं तरी माणूस तिच्यापुढे जातो. लढाई सोडून मागे फिरणं हाही एक चांगला पर्याय असतो, हे शिकायला यापेक्षा बरी जागा नाही. जेलीवर तलवारीने किंवा विजेने वार केला की तिचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही लढतात. पहिल्यांदा तसं झालं की वर्णन सावकाश, नीट करा, म्हणजे पुढच्या टर्नला कुणीतरी गदा उचलेल. नोमेनगार्ड दुसऱ्या रविवारी. तिथे बोलणं आणि शोध जास्त आहे.

क्रायोव्हेन हा पांढरा ड्रॅगन सध्या कुठे आहे ते फासा टाकून ठरवायचं असतं. लेव्हल १-२ ला फाशाने त्याला पात्रांच्याच ठिकाणी आणलं तर लढाई लावू नका. पंजात गाय धरून तो डोक्यावरून जाताना दाखवा. भीती तेवढ्याने बसते.

ग्रुप दर आठवड्याला नक्की जमणारा असता तर मी २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ सुचवलं असतं. लेव्हल १ ते ५, आणि गोष्ट म्हणून आइसस्पायरपेक्षा सरस. पण त्यातही दोन ठिकाणी हात घालावा लागतो. सुरुवातीच्या हल्ल्यात चार गॉब्लिन आहेत. प्रत्येकी ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांवरून लढाई किती अवघड ते मोजतात), मिळून २००, आणि तीन ते सहा शत्रू असले की त्याची दुप्पट धरायची, म्हणजे ४००. लेव्हल १ च्या चार पात्रांसाठी ‘डेडली’ (जीवघेण्या) लढाईची सीमा बरोबर ४०० आहे. पहिलीच लढाई! एक गॉब्लिन कमी केला की हिशेब ३०० वर येतो आणि ती ‘हार्ड’ राहते. हरलेच तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून लुटून जातात असं अ‍ॅडव्हेंचरमध्येच दिलंय, ते वापरा. दुसरं ठिकाण थंडरट्री या ओसाड वस्तीतला हिरवा ड्रॅगन. त्याच्या विषारी श्वासाचं डॅमेज सरासरी ४२, आणि लेव्हल ३ च्या फायटरचे (योद्ध्याचे) हिट पॉइंट तीसच्या आसपास. तो तिथे आहे हे गावातल्या कुणाच्या तरी तोंडून आधीच कळू द्या.

खेळवणार मराठीत, त्यामुळे खेळाडूंना वाचून दाखवायला पुस्तकात चौकटीत दिलेला इंग्रजी मजकूर वाचून दाखवू नका आणि वाचता वाचता भाषांतरही करू नका, त्यात लय तुटते. प्रत्येक जागेसाठी वहीत तीन ओळी लिहून ठेवा: काय दिसतंय, कसला आवाज किंवा वास येतोय, कुठे जाता येईल. मग थेट विचारा, ‘काय करताय?’ पत्रं आणि फलकावरच्या सूचना मात्र आधीच मराठीत लिहून कागद हातात द्या. आर्मर क्लास, सेव्हिंग थ्रो हे नियमांतले शब्द आहेत तसेच राहू द्या, नाहीतर कॅरेक्टर शीटशी (पात्राच्या नोंदींच्या कागदाशी) मेळ बसत नाही.

मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) लागत नाहीत. फरशीवर खडूने इंचाइंचाचे चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे ५ फूट. शत्रूंसाठी चिंचोके, त्यावर मार्करने आकडे, म्हणजे कुणाचे किती हिट पॉइंट उरले ते लिहिताना गोंधळ होत नाही. किटमध्ये ११ फासे आहेत. पाच जणांत ते फिरवत बसण्यापेक्षा सात फाशांचे दोन सेट ऑनलाइन मागवा.

किट २०१४ च्या नियमांवर आहे. कुणाकडे २०२४ चं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) असेल तर सगळ्यांनी तेच वापरा किंवा कुणीच नको. एकाच टेबलावर दोन्ही आले की निम्मा रविवार कोणता नियम लागू यावर जातो.