लहानपणीच्या आवडत्या पुस्तकावर आजचा कौटुंबिक सिनेमा काढताना किती बदल चालतात?

हवे तेवढे करा. काळ बदला, गाव बदला, मुलाची मुलगी करा, तिच्या हातात मोबाइल द्या. फक्त आईबापांना गोष्टीच्या मधोमध आणून बसवू नका. बहुतेक सिनेमे तिथेच मार खातात. हे मी प्रेक्षक म्हणून नाही, पटकथेच्या बैठकांना बसले होते म्हणून सांगतेय.

मुलांसाठी लिहिणारा लेखक पहिल्या काही पानांत काय करतो ते बघा. मोठ्यांना वाटेला लावतो. कुणी परगावी जातं, कुणी आजारी पडतं, कुणी मरतंसुद्धा. कारण मोठं माणूस शेजारी असलं की मुलाला काही करावंच लागत नाही. सिनेमावाले त्याच मोठ्यांना हाताला धरून परत आणतात, कारण तिकीट ते काढतात.

एका निर्मितीसंस्थेने एका जुन्या बालकादंबरीचे हक्क घेतले होते. (नाव सांगत नाही, हक्कांचा घोळ अजून मिटलेला नाही.) पटकथा माझा कॉलेजातला मित्र लिहीत होता. मला ते पुस्तक जवळजवळ पाठ, म्हणून त्याने मला सोबत घेतलं. गोष्ट अशी: बहीण-भावाला घुबडाचं जखमी पिल्लू सापडतं आणि पंख बरा होईपर्यंत ते दोघं त्याला माळ्यावर लपवून जगवतात. आता घुबड काही दूध पीत नाही, त्याला उंदीर लागतात. सगळी गंमत त्या उंदरांत आहे. पकडायचे कसे, ठेवायचे कुठे, आणि जिला उंदराची भयंकर किळस, त्या बहिणीच्याच वाट्याला ते काम कसं येतं! आईवडील चौथ्या पानावर आजारी आत्याकडे जातात ते शेवटच्या प्रकरणात उगवतात. घरी असते ती कमी ऐकू येणारी आजी. माळ्यावर काय चाललं होतं ते आईवडिलांना शेवटपर्यंत कळत नाही. मला तर पुस्तकात तेच सगळ्यात आवडतं.

पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, "बाबांचा ट्रॅक काय?" म्हणजे बाबांची स्वतःची वेगळी गोष्ट काय.

पुढच्या ड्राफ्टमध्ये बाबांना ट्रॅक मिळाला. त्यांना म्हणे तरुणपणी पक्ष्यांचे फोटो काढायचे होते, नोकरीपायी राहून गेलं. इंटरव्हलला त्यांना घुबड सापडतं आणि पुढचा तासभर बाप-लेकाचं नातं सुधारत बसतं. त्यानंतर कुणीतरी व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकावर घुबड घडवण्याचा, खर्च काढला. घुबड महाग पडत होतं, म्हणून कुत्र्याचं पिल्लू आलं. पिल्लू दूध पितं, म्हणजे उंदीर गेले. उंदीर गेले म्हणजे बहिणीचं काम गेलं, आणि ती नुसती भावाच्या मागे मागे फिरणारी मुलगी उरली. शिवाय कुत्र्याचं पिल्लू लपवायचं कशाला? म्हणून आईला ॲलर्जी दिली.

मी भांडले. मित्र म्हणाला, "अगं, वाचताना मूल एकटं असतं. थिएटरात त्याच्या शेजारी बाप बसलेला असतो. त्याला दोन तास काय देणार?"

मी म्हटलं, "तोही कधीतरी पोरगा होता ना? तसाच बसू दे त्याला. त्याला उंदीर पकडायला लाव."

"हे पोस्टरवर छान दिसेल," म्हणाला. सिनेमा पुढे झालाच नाही, पैसे उभे राहिले नाहीत. भांडण मात्र भेटेल तिथे चालू आहे.

त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे 1964 चा 'मेरी पॉपिन्स'. पी. एल. ट्रॅव्हर्स यांच्या पुस्तकात मुलांना सांभाळायला आलेली मेरी पॉपिन्स गर्विष्ठ आणि फटकळ आहे, मुलांचे वडील बऱ्यापैकी कडेला आहेत. सिनेमात ती गोड झाली आणि गोष्ट वडिलांच्या सुधारण्याची झाली. लेखिकेला तो सिनेमा आवडला नव्हता. मित्र म्हणतो, लोकांना आवडला ना? आवडला. गाणी चांगली आहेत. पण त्या यशाने पुढच्यांना वाईट खोड लावली असं माझं ठाम मत आहे.

2005 चा 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' घ्या. रोआल्ड डाल यांच्या पुस्तकात चॉकलेट कारखान्याचा मालक विली वाँका याला बाप नाही. सिनेमाने त्याला एक दंतवैद्य बाप दिला, लहानपणी दात सरळ करायला तारांचा भलामोठा सापळा दिला आणि शेवटी दोघांचा समेट घडवला. इतका विचित्र, न उलगडणारा माणूस, आणि त्याचा सगळा उलगडा काय, तर वडील कडक होते! 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे 1963 चं पुस्तक तर जेमतेम दहा वाक्यांचं, आणि त्यात आई एकाही चित्रात दिसत नाही. 2009 च्या सिनेमात एकटी आई, तिचा मित्र, दुरावलेली मोठी बहीण, सगळे हजर. तो सिनेमा देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण तो मोठ्यांचा सिनेमा आहे.

उलट 2017 मध्ये 'फास्टर फेणे' आला. भा. रा. भागवतांचा शाळकरी बन्या त्यात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या वयाचा झाला, म्हणून काही जुने वाचक नाराज झाले. मला तो बदल खुपला नाही. भानगडीत नाक खुपसायला त्याला अजूनही कुणाची परवानगी लागत नाही, आणि खुद्द भागवतच सिनेमात पात्र होऊन येतात.

आता मित्राच्या बाजूनेही एक सांगायला हवं. 2014 च्या 'पॅडिंग्टन'मध्ये, म्हणजे त्या नावाच्या अस्वलाच्या गोष्टीत, त्याला घरी आणणाऱ्या कुटुंबातल्या वडिलांना अख्खा ट्रॅक आहे, वर मायकेल बाँडच्या पुस्तकात नसलेली खलनायिकाही आहे, तरी सिनेमा फक्कड जमलाय. अस्वल पहिल्यापासून शेवटपर्यंत पुस्तकातलंच राहतं, म्हणून असेल. तेव्हा माझा नियम काही दगडावरची रेघ नाही. पण सगळ्यांनाच ते जमत नाही, आणि आम्हाला तर नक्कीच जमत नव्हतं.

तुम्ही खरोखरच पटकथेला बसणार असाल तर पुस्तकात मुलं कुणाच्याही मदतीशिवाय जे जे करतात त्याच्यावर आधी खुणा करून ठेवा. बाकी काय गाळायचं ते गाळा. हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो, तेव्हा वारसांची परवानगी लेखीच घ्या. आणि तुम्हीच वारस असाल तर प्राणी कुठला ते करारात नाव घालून लिहून घ्या. हसू नका. आमच्या करारात 'एक जखमी पक्षी अथवा प्राणी' असं होतं, आणि त्याच ओळीवर बोट ठेवून माझ्या मित्राने मला गप्प केलं होतं.