कानात थेंब घालण्याआधी पडदा शाबूत आहे का, ते पाहा

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीत रोज राजाराम बंधाऱ्यावर पोहायला जातो. चार दिवसांपासून त्याचा उजवा कान ठणकतो आहे, कानाला नुसता हात लावला तरी तो ओरडतो आणि कालपासून उशीवर ओलसर डाग दिसतात. मागच्या वर्षी मुलीच्या कानासाठी आणलेली थेंबांची बाटली घरात आहे व तिच्यावर छापलेली मुदत अजून संपलेली नाही. ती वापरली तर चालेल का? सासूबाई लसूण कढवलेले तेल घालायला सांगतात. थेंब घालण्याची योग्य पद्धतही कळवावी.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ती बाटली वापरू नये आणि तेलही घालू नये. बाटलीवर छापलेली मुदत ही सीलबंद बाटलीची असते. एकदा उघडलेले थेंब साधारणपणे चार आठवड्यांनंतर टाकून द्यायचे असतात, कारण त्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता असते. शिवाय मुलीच्या कानाला तेव्हा काय झाले होते आणि मुलाच्या कानाला आज काय झाले आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

कानाला हात लावताच कळ येते, या आपल्या वर्णनावरून दुखणे बहुधा बाहेरच्या कर्णनलिकेत असावे. पोहणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी आढळते. पाण्याने नलिकेची त्वचा भिजून मऊ पडते आणि तेथे जंतू वाढतात. अशा दुखण्यावर औषधी थेंब हाच मुख्य उपचार असतो. मात्र उशीवर डाग पडतो आहे, म्हणजे कान वाहतो आहे, आणि वाहणाऱ्या कानाचा पडदा फाटलेला आहे की शाबूत आहे, हे दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. औषधाच्या दुकानातून नुसते ‘कानाचे थेंब द्या’ म्हणून आणलेल्या बाटलीचा धोका नेमका येथेच असतो. निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेले थेंब फाटलेल्या पडद्यातून आत गेले, तर अंतःकर्णाला इजा होऊन चक्कर येऊ शकते आणि ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनच्या थेंबांबाबत ही भीती नसते, म्हणून पडद्याला छिद्र असल्यास डॉक्टर सहसा तेच निवडतात. याउलट पडदा शाबूत असून संसर्ग त्याच्या मागे, मध्यकर्णात असेल, तर वरून घातलेले प्रतिजैविक थेंब तेथे पोहोचतच नाहीत.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कानात बुरशीही होते. त्यात बहुधा ठणक्यापेक्षा खाज अधिक असते आणि भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा, कधी काळे ठिपके असलेला मळ दिसतो. अशा कानात प्रतिजैविक व स्टेरॉइडचे थेंब घालत राहिल्यास बुरशी वाढते. तेथे कान साफ करून क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीविरोधी थेंब घालावे लागतात. तेलाच्या बाबतीत सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, परंतु ‘कोमट’ म्हणून घातलेल्या तेलाने पडदा आणि त्वचा भाजू शकते.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातील किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून एकदा कान तपासून घ्यावा. नलिका घाणीने भरलेली असेल तर ते आधी ती साफ करतील, कारण घाणीवर पडलेले औषध त्वचेपर्यंत जात नाही. नलिका फार सुजली असेल तर आत कापडाची वात ठेवून तिच्यावर थेंब सोडण्यास सांगतील.

थेंब घालताना प्रथम हात धुवावेत आणि बाटली एक-दोन मिनिटे मुठीत धरावी. गार थेंब कानात पडले की गरगरल्यासारखे होते, मूल घाबरते आणि दुसऱ्या वेळी जवळ येत नाही. बाटली गरम पाण्यात मात्र ठेवू नये. मुलाला डाव्या कुशीवर निजवून त्याचा उजवा कान हलकेच वर आणि मागे ओढावा, म्हणजे नलिका सरळ होते. तीन वर्षांखालील मुलांत तो खाली आणि मागे ओढतात. बाटलीचे टोक कानाला लागू न देता सांगितले तेवढेच थेंब सोडावेत आणि भोकाच्या पुढचा मऊ उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबावा. अनेक घरांत ही शेवटची कृती राहून जाते आणि औषध तोंडाशीच अडकते. त्यानंतर मुलाला तीन ते पाच मिनिटे तसेच पडू द्यावे. घशात कडू चव आल्याचे तो म्हणाला, तर पडद्याला छिद्र असण्याचा संभव आहे. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

दोन-तीन दिवसांत ठणका कमी झाला, तरी सांगितलेला कालावधी, जो बहुधा सात दिवसांचा असतो, पूर्ण करावा. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा. कान बरा झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत बंधारा बंद, यावर घरात थोडी रडारड होईल, ती होऊ द्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. दोन आठवडे थेंब घालूनही त्यांचा कान रात्री फार दुखतो. थेंब बदलावेत का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : थेंब बदलत बसू नये, आजच तज्ज्ञांना दाखवावे. मधुमेही व्यक्तीमध्ये, विशेषतः वयस्करांत, नलिकेतील संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो आणि झोप उडवणारी रात्रीची वेदना ही त्याची नेहमीची खूण असते. तेव्हा थेंब पुरत नाहीत; बरेच आठवडे इंजेक्शने किंवा गोळ्या द्याव्या लागतात आणि साखर काटेकोर आटोक्यात ठेवावी लागते. तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल किंवा डोळा नीट मिटत नसेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्यावे. जाताना वापरलेल्या थेंबांची बाटली आणि साखरेचे अलीकडचे रिपोर्ट सोबत ठेवावेत.