घरशाळेसाठी इतिहास: आधी बालभारतीच घ्या

ताई, आठ वर्षांच्या मुलीला घरीच इतिहास शिकवायला कोणती पुस्तकं घ्यावीत, असं विचारलंत ना? परदेशी महागडे संच मागवू नका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक घ्या, गोष्टीसारखं रोज दोन पानं मोठ्यानं वाचा. पुढे पाचवीत आदिमानव, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक काळ असा क्रम आपसूक लागतो. परीक्षेची चिंता आत्ता नको. चौदाव्या वर्षानंतर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते.

स्वाध्यायांची प्रश्नोत्तरं मात्र लिहून घेऊ नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि लेक इतिहासाचं नाव काढलं की तोंड फिरवायला लागला. मग भिंतीवर सुतळी बांधली. १ सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं. शिवजन्माची १६३०ची चिठ्ठी आजपासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर आली आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांची पार दोन मीटरवर, दाराच्या चौकटीपाशी! तो कितीतरी वेळ त्या मोकळ्या सुतळीकडे बघत होता. "मधे कोण होतं?" हा प्रश्न त्यानं स्वतःहून विचारला. यादव, शिलाहार, चालुक्य तिथून सुरू झाले.

महिन्यातून एकदा बाहेर पडा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, गुहेत ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख आहे. मुलीला ती अक्षरं वहीत उतरवू द्या. घाई करू नका, हिवाळ्यात जा.