गावाला आधीच ठाऊक असलेले रहस्य

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. पहिली बारा पाने पाऊस, धुके आणि ओस पडलेला वाडा यांतच जातात. तेराव्या पानावर शहरातून आलेला तुझा तपास अधिकारी मोबाइलचे लोकेशन मागवतो आणि पुढच्या तीन पानांत खुनी हाती लागतो. भाषा नेटकी आहे, पण ही कथा गावातच का घडते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत ती घडली असती, तरी तिचे काय बिघडले असते?

छोट्या गावातल्या रहस्यकथांची गोडी तिथल्या शांततेत आहे, असे पुष्कळांना वाटते. मला ती गावाच्या स्मरणशक्तीत दिसते. महानगरातल्या तपासात माहिती मिळवावी लागते. गावात ती आधीच घरोघर वाटलेली असते. कुणाचे कुणाशी वाकडे, बांधाचा वाद कोणत्या पिढीपासूनचा, कोणाची लेक माहेरी परत का आली, हे सगळे सगळ्यांना माहीत असते, आणि तरीही खून कोणी केला हे कुणालाच सांगता येत नाही. विचारी शोधकर्ता तेच तुकडे निराळ्या क्रमाने मांडतो, आणि वाचकाला वाटते की हे तर आपल्यालाही दिसत होते.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, ही खेड्यात राहणारी आणि हौसेने गुन्ह्यांचा उलगडा करणारी वृद्धा, १९२७ साली एका लघुकथेतून प्रथम वाचकांसमोर आली. सेंट मेरी मीड या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या तिच्या घरी तिच्यासह सहा जण जमले आहेत, स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्तही त्यांत आहेत, आणि एकेकाने न उलगडलेले प्रकरण सांगावे असे ठरते आहे. मिस मार्पल विणता विणता गावातल्या एका बाईंची हकिगत सांगते: त्यांनी सोललेली कोळंबी विकत घेतली, आणखी दोन दुकानांत गेल्या, आणि घरी येऊन पाहतात तर कोळंबी जवळ नाही. भाचा थट्टा करतो. पण पुढे विषबाधेचे प्रकरण निघते, तेव्हा ते सांगणारे आयुक्त सोडून बाकीचे चौघेही चुकतात आणि तिला मात्र गावातले एक म्हातारे गृहस्थ आठवतात, ज्यांच्या बायकोला ते मरेपर्यंत कसलाही संशय आला नव्हता. माणसे ताडण्याचे तिचे सगळे शास्त्र अशा उदाहरणांवर उभे आहे.

ख्रिस्तीची खरी चतुराई मला १९५० च्या कादंबरीत दिसते, जिच्यात स्थानिक वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात छापून येते. तिथे मिस मार्पल म्हणते की पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कुठले हे ठाऊक असे, नवा माणूस आला तर ओळखीची पत्रे घेऊन येई. युद्धानंतर मात्र माणसे येऊन राहतात आणि ती स्वतःविषयी जे सांगतील तेवढेच आपल्याला कळते. तपास अधिकाऱ्याच्याही मनात येते की हाताशी पुरावा काय, तर फोटो किंवा बोटांचे ठसे नसलेली ओळखपत्रे आणि रेशनची पुस्तके. गावाची स्मृती जिथे फाटली आहे, नेमकी तिथून ती कथा जन्मते. (आपल्याकडे दर सुट्टीत नवे बंगले उठणाऱ्या गावांविषयी असे कोणी लिहील का, याची मी वाट पाहतो आहे.)

विचारी म्हणजे सर्वज्ञ, अशी तुझी समजूत झालेली दिसते. लुईस पेनी या कॅनडियन लेखिकेचा क्युबेकमधला पोलीस तपास अधिकारी आर्मां गमाश २००५ साली आला, तो थ्री पाइन्स नावाच्या, नकाशावर न सापडणाऱ्या गावात. हाताखालच्या नवख्यांना तो चार गोष्टी म्हणायला शिकवतो: मला माहीत नाही, मला मदत हवी, माझे चुकले, मला क्षमा करा. तुझा अधिकारी यांतले एकही वाक्य उच्चारत नाही, म्हणून गावकरी त्याच्याशी मोकळेपणाने बोलतील यावर माझा विश्वास बसत नाही.

माझी पहिली रहस्यकथा एका संपादकांनी परत पाठवली होती, आणि समासात एवढेच लिहिले होते: "खुनी परगावचा का?" मी रागावलो होतो. गावातल्या कुणाला खुनी करण्याचे धैर्य मला झाले नव्हते, कारण माझे ते गाव मी स्वतःच्या गावावरून उचलले होते आणि प्रत्येक पात्रामागे कोणी ना कोणी काका किंवा मावशी उभी होती, हे कबूल करायला मला काही वर्षे लागली.

आणखी एक. तुझ्या कथेत पोलीस पाटील कुठेच नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने हे पद आहे. गावातच राहणारा, दोन्हीकडून दबाव सोसणारा आणि संशयिताच्या घरच्या लग्नात जेवून आलेला हा माणूस तू हातचा का घालवतोस?

पाचव्या पानावर दूध घालणाऱ्या पोराच्या तोंडी तू एक वाक्य टाकले आहेस, की वाड्यावर महिनाभर दीड लीटरऐवजी अर्धाच लीटर दूध लागते. पुढे त्याचे तू काहीच केले नाहीस. धुके चार ओळींत आटप, आणि तुझ्या अधिकाऱ्याला त्या पोराकडे पुन्हा पाठव. या खेपेला त्याच्याजवळ मोबाइल असू नये.

तुझा,
एक जुना वाचक