तीन डब्यांचा सेट, सहा हप्ते आणि पेरणीचे दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. घराच्या ओसरीत ते ऑनलाइन दाखले काढून देणारं सेवा केंद्र चालवतात. खर्च जाऊन महिन्याला सरासरी पंधरा हजार सुटतात. सोबत पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. मुलगी बारावीला, नीटचा क्लास ऑनलाइन. घर जुनं, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचं. मुलीची खोली मागच्या अंगाला, नंतर बांधलेली, वर टिना. इन्व्हर्टर फक्त ओसरीपुरता. ते लिहितात: "ओसरीत नेट पळते, पण मागच्या खोलीत गोल चक्रीच फिरत राहते. ऑनलाइन तीन डब्यांचा मेश वाय-फायचा सेट पाहिला. २७,९९९ चा १३,४९९ ला भेटून राहिला. ४.३ स्टार आहेत, हजारो लोकायनं चांगला म्हटलं. साळ्याच्या क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय होते, पहिला हप्ता जूनमध्ये. घेऊन टाकू का? ऑफर दोनच दिवस आहे."

भाऊ, घेऊ नका. मुलीच्या खोलीत नेट पोचलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मेशचा हा सेट, म्हणजे घरभर वाय-फाय पसरवायला जागोजागी ठेवायचे राउटरसारखे डबे, तुमच्या घरासाठी नाही, आणि जूनमध्ये सुरू होणारा हप्ता तुमच्या खिशासाठी नाही.

तुम्ही लिंक पाठवली म्हणून मी ते अभिप्राय वाचत बसलो. पाच स्टारवाले बहुतेक जण वस्तूबद्दल बोलतच नाहीत. "पॅकिंग मस्त", "दुसऱ्या दिवशी घरपोच", "दिसायला भारी". डबा उघडला त्याच संध्याकाळी दिलेले हे स्टार कुरिअरवाल्याला मिळालेले आहेत. जे वापरून लिहितात त्यांची घरं बघा: थ्री बीएचके, ड्युप्लेक्स, अमुक सोसायटीतला नववा मजला. चार-सहा इंची विटांच्या भिंती, लाइट जात नाही, आणि गेलीच तर खाली जनरेटर. त्यांचं समाधान खरं असेल, पण ते त्यांच्या घराचं आहे. शिवाय अशा साइटवर एकाच पानावर दोन डब्यांचा सेट, तीन डब्यांचा सेट, कधी जुनं मॉडेल, या सगळ्यांचे अभिप्राय एकत्र मोजलेले असतात. तुमचे ४.३ स्टार नेमके कोणत्या वस्तूचे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मी नेहमी तीन स्टारवाल्यांपासून वाचायला लागतो. हा माणूस रागावलेला नसतो आणि भाळलेलाही नसतो. तिथे एकाने लिहिलंय की मुख्य डब्याजवळ स्पीड पूर्ण, दुसऱ्या डब्याजवळ निम्मा. दुसरा सांगतो, जाड भिंतीपलीकडे डब्याचा सिग्नल वारंवार तुटतो. तुम्हाला उपयोगाच्या ओळी या दोनच. मग "नवीन आधी" असं लावून एप्रिल-मेमधले अभिप्राय वाचा. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळिसाला टेकतो. टिनाखालच्या खोलीचं तर विचारूच नका. जानेवारीत बेंगळुरूहून दिलेला अभिप्राय याबद्दल काही सांगू शकत नाही.

आता भिंतीकडे या. मेश म्हणजे जादू नाही. मागचा डबा पुढच्या डब्याकडून हवेतूनच सिग्नल घेतो आणि पुढे वाटतो. मधली मातीची भिंत सिग्नल खात असेल तर ती मोबाइलचा खाईल तसा डब्याचाही खाईल. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर दमतो; २.४ चा हळू, पण जरा लांब जातो. त्यातून दोन बँडच्या, म्हणजे या दोनच वाटांनी चालणाऱ्या सेटमध्ये सिग्नल घेणं आणि वाटणं एकाच बँडवर होत असेल तर वेग साधारण अर्धा होतो. त्या तीन स्टारवाल्याची तक्रार हीच आहे. डब्यांना आपसात लॅन केबलने जोडलं तर हा प्रश्न सुटतो, हे खरं. पण केबल टाकायचीच असेल, तर मग साडेतेरा हजार कशाला?

खोक्यावरच्या "३०००" या आकड्यालाही भुलू नका. ती दोन्ही बँडच्या कागदावरच्या वेगाची बेरीज असते, ५७४ अधिक २४०२, म्हणजे २९७६, वर गोल करून ३०००. तुमचं कनेक्शन ४० एमबीपीएसचं आहे. बोअरला दीड इंच पाणी असताना वर पाच एचपीची मोटर बसवण्यातला हा प्रकार. मुलीच्या व्हिडिओ क्लासला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, फक्त ते न तुटता मिळायला हवेत. आणि दाखल्याच्या गर्दीत पोर्टलच बसलं, तर घरात दहा डबे लावूनही सर्व्हर उठत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

किमतीचं बघू. २७,९९९ ही छापील किंमत. त्या भावाने ती वस्तू कधी विकली गेली असेल असं मला वाटत नाही, त्यामुळे "५२ टक्के सूट" हा आकडा बाजूला ठेवा आणि १३,४९९ एवढंच बघा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे पावणेदोन क्विंटल कापूस, तोही हमीभावाने गेला तर.

नो-कॉस्ट हप्त्यात व्याज असतंच. बँक ते लावते, आणि विक्रेता तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधी वळती करतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. १६ टक्के दर धरला तर तुमच्या सहा हप्त्यांत सुमारे ६०८ रुपये व्याज येतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११० रुपये, तुम्ही भरायचे. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. मिळून साधारण ३४५ रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण वस्तू परत केली तरी यातलं बहुधा काही परत येत नाही.

मला खरी धास्ती आहे ती तारखांची. हप्ता २,२५० चा, जून ते नोव्हेंबर. याच महिन्यांत बियाणं, खत, निंदण, फवारणी. तूर निघायला जानेवारी उजाडतो, कपाशीची पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे जवळपास सगळे हप्ते केंद्राच्या पंधरा हजारांतूनच जायचे, आणि शेतही त्याच पंधरा हजारांकडे हात पसरणार. एखादा महिना हुकला तर लेट फी, वर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज. आणि सिबिल, म्हणजे बँकेतली पत, बिघडेल ती तुमची नाही, साळ्याची. हुकलेला हप्ता तुम्ही त्याला सांगणार की तो तुम्हाला विचारणार, याचा विचार आधी करा. मी तरी दुसऱ्याच्या कार्डावर घरासाठी काही घ्यायला कोणालाच सांगत नाही. तुमच्या हातात खरोखर बिनव्याजी असं काही असेल तर ते पीक कर्ज आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. हातात येणारा पैसा आधी तिकडे जाऊ द्या.

मग करायचं काय? केंद्राचा कॉम्प्युटर वाय-फायवर असेल तर आजच फायबरच्या डब्याला केबलने जोडा. डबा ओसरीतच आहे, खर्च जवळपास काही नाही. मग ओसरीतून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ लॅन केबल टाका, २५-३० मीटर. शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्तातली "सीसीए" म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. केबल घरातून, पीव्हीसी पट्टीतून न्या. बाहेरून वळचणीला टांगलीत तर उन्हाने साल तडकेल, आणि मृगाच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जळायची भीती. टोकाला साधा दोन बँडचा राउटर, ज्यात "ॲक्सेस पॉइंट मोड" असेल असा, म्हणजे केबलने आलेलं नेट तो फक्त वाय-फायने वाटेल. त्या राउटरला एक मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी. माझा अंदाज असा: केबल ७००, पट्टी आणि वायरमन ५००, राउटर १,६००, मिनी यूपीएस १,३००. एकूण ४,१०० च्या आसपास, रोखीने, हप्ता नाही. मेशमध्ये ओसरीबाहेरच्या दोन्ही डब्यांना असा वेगवेगळा यूपीएस लागला असता. तो खर्च कुठल्याच अभिप्रायात दिसत नाही, कारण तिथे लाइट जात नाही.

वाचले साधारण ९,४००. २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं. दहा पाकिटांचा हिशेब तुम्हीच करा.

खरेदीआधी एक काम करा. फोन फायबरच्या डब्याजवळ धरून स्पीड टेस्ट घ्या, मग मुलीच्या खोलीत घ्या, रात्री आठ-नऊच्या सुमाराला. डब्याजवळच चाळीसऐवजी पाच-सहा येत असतील तर दोष कनेक्शनवाल्याचा आहे. त्याच्याकडे तक्रार नोंदवा, केबलही विकत घेऊ नका.

राउटर ऑनलाइन घेतलात तरी हरकत नाही. पानावर "रिटर्न" आहे की नुसतं "रिप्लेसमेंट", ते वाचा. दुसऱ्यात पैसे परत येत नाहीत, तीच वस्तू बदलून येते. विकणारा कोण तेही बघा, साइट आणि विक्रेता एक नसतात. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा की वॉरंटीचं काम यवतमाळात होतं की नागपूरला पाठवावं लागतं. सोळाशेच्या राउटरसाठी दोनदा नागपूर केलं तर वॉरंटी एसटीच्या भाड्यातच गेली. बिल तुमच्याच नावाचं घ्या. बिघाड निघाला आणि कोणी दाद देईना, तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तेही झालं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मिनी यूपीएस मागवताना राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, आणि पिन एकच असल्याने चुकीचाही आरामात बसतो.