परिसराच्या इतिहासावर डिजिटल प्रकल्प करायचाय, सुरुवात वेबसाइटपासून करावी का?

तुमचा चौघांचा गट आहे, हातात एकच सत्र आहे आणि मार्गदर्शक म्हणतायत, 'आधी वेबसाइटचा आराखडा आणा'. असे प्रकल्प मी विद्यार्थी असताना केलेत, आता तपासतोही. माझं ऐकाल तर वेबसाइट शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकला आणि आधी एक दप्तर, म्हणजे जुन्या नोंदींचा एखादा संग्रह, गाठा. एकच. 'परिसराचा इतिहास' एवढ्या विषयाला सत्र काय, जन्म पुरत नाही.

आमच्या गटाला एका शाळेचं जुनं प्रवेश रजिस्टर मिळालं होतं. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे दोन रकाने होते, त्यावरूनच प्रश्न सुचला: वर्ष अर्ध्यात असताना मुलं शाळा का सोडत होती? पानांचे फोटो दोन दिवसांत झाले. तक्ता भरायला दोन महिने गेले, आणि खरा प्रकल्प तिथेच होता.

पहिली ठेच एक्सेलने दिली. त्याचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं, त्याआधीची तारीख तो नुसता मजकूर समजतो. आमच्या नोंदी १८९० च्या पुढच्या. तारखेनुसार क्रम लावला, तर १८९४ ची मुलं १९११ च्या मुलांच्या खाली जाऊन बसली! दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करा, कटकट मिटते.

दुसरी चूक आमची स्वतःची. पालकांचा व्यवसाय कारकुनाने नाना शब्दांत लिहिला होता. आमच्यातल्या एकाने नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळीकडे 'मजूर' करून टाकलं. मूळ शब्द गेले आणि दीडशे ओळी फोटोंवरून पुन्हा वाचाव्या लागल्या. तेव्हापासून माझा हट्ट असतो: एक रकाना 'जसं लिहिलंय तसं', शेजारी दुसरा 'एकसारखं केलेलं'. नावांनाही हेच. पहिल्या रकान्याला कुणी हात लावायचा नाही.

वाचनातल्या चुका पकडायला मोठ्या प्रकल्पांची युक्ती उचला. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या १,९७,७४५ खटल्यांचे छापील वृत्तांत ऑनलाइन आहेत. त्यातला १८३४ पर्यंतचा मजकूर दोन जणांनी वेगवेगळा टाइप केला आणि संगणकाने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, कारण जुन्या छपाईतला लांब 'एस' (ſ) ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, सर्रास 'एफ' वाटतो. तुम्ही निदान वीस-पंचवीस ओळी दोघांनी एकमेकांना न दाखवता भरा. किती ठिकाणी जुळत नाही ते बघून घाम फुटेल.

आता वेबसाइटबद्दल. बीबीसीने १९८६ मध्ये डूम्सडे प्रकल्प केला. इंग्लंडमधल्या १०८६ च्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीला ('डूम्सडे बुक') ९०० वर्षं झाली म्हणून शाळकरी मुलांनी आपापल्या भागातल्या चार बाय तीन किलोमीटरच्या चौकोनाची माहिती लिहिली. म्हणजे तुमचाच प्रकल्प, देशभर पसरलेला. सगळं लेझरडिस्कवर, म्हणजे मोठ्या सीडीसारख्या तबकडीवर, गेलं, आणि पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली. मजकूर सोडवून घ्यायला संशोधकांना खास खटाटोप करावा लागला. १०८६ चं चामड्यावरचं हस्तलिखित मात्र अजून उघडून वाचता येतं. म्हणून तक्ता सीएसव्हीमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) ठेवा, टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, फोटोच्या फाइलला पानाचा क्रमांक द्या आणि सगळ्याची एक प्रत ज्यांचं दप्तर आहे त्यांना द्या. ते पुढच्या वेळी दार उघडतात. नोंदी अलीकडच्या असतील तर नावं-पत्ते जाहीर करू नका, ती माणसं हयात असतात.

मार्गदर्शकांना आराखडा हवाच असेल तर रकान्यांची यादी न्या. आमची सात वेळा बदलली. 'कारण' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'परगावी गेला' होतं, आम्ही ते खरं मानून चाललो होतो. नावं एकसारखी करून क्रम लावला तेव्हा कळलं, त्यातली बरीच मुलं पुढच्या वर्षी नवीन क्रमांकाने पुन्हा त्याच शाळेत दाखल झाली होती. मग आठवा रकाना वाढवला: 'परत आला?'